अर्धवेळ पीएच.डी.: ना हरकत प्रमाणपत्रावर दिवसही लिहा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

पीएच.डी. प्रवेशाचा हंगाम आला की 'नेट'चे गुण, मुलाखतीच्या तारखा आणि रिक्त जागा यांच्या बातम्या छापून येतात. प्रवेश मिळाल्यानंतर विद्यार्थ्याने नेमके काय करायचे असते आणि विभागाने त्याला काय द्यायचे असते, हे मात्र पुष्कळांना नोंदणी होऊन वर्ष उलटल्यावर कळते. ठाणे आणि नवी मुंबईतील महाविद्यालयांत भौतिकशास्त्र शिकवणारे बरेच तरुण शिक्षक नोकरी सांभाळून पीएच.डी. करण्याच्या विचारात असतात. मी ठाण्यात हाच विषय शिकवून निवृत्त झालो असल्याने त्यांतले काही जण सल्ला विचारायला येतात. त्यांच्याशी बोलताना जे वारंवार जाणवते ते येथे मांडतो.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे नोव्हेंबर २०२२ चे विनियम या बाबतीत स्पष्ट आहेत. पीएच.डी.चा कालावधी कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे; पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षे मिळू शकतात, आणि महिलांना व चाळीस टक्क्यांहून अधिक अपंगत्व असलेल्यांना त्यावर आणखी दोन. कोर्सवर्क (संशोधनाआधीचा सक्तीचा अभ्यासक्रम) किमान १२ श्रेयांकांचे (क्रेडिट्सचे) असते आणि त्यात ५५ टक्के गुण मिळाल्याशिवाय पुढचे काम मोजले जात नाही. दर सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे उभे राहून कामाची प्रगती सांगावी लागते. अर्धवेळ विद्यार्थ्याचे मूल्यमापन पूर्णवेळ विद्यार्थ्याप्रमाणेच होते. त्याला निकषांत कोणतीही सवलत नाही.

शोधनिबंधांबद्दल मात्र मोठा गैरसमज पसरला आहे. २०१६ च्या विनियमांनुसार प्रबंध सादर करण्यापूर्वी नियतकालिकात एक शोधनिबंध आणि परिषदांत दोन सादरीकरणे सक्तीची होती. २०२२ मध्ये ती सक्ती गेली. ती गेली हे माझ्या मते बरेच झाले, कारण तिच्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे फावले होते. पण 'आता पेपर लागत नाही' असे म्हणत जो निश्चिंत होतो, त्याला बाहेरचे परीक्षक प्रबंध वाचताना आणि पुढे निवड समिती अर्ज चाळताना 'पेपर कुठे?' हाच प्रश्न विचारणार आहे.

खरी अडचण अर्धवेळ विद्यार्थ्याला तो नोकरी करतो त्या महाविद्यालयाकडून घ्याव्या लागणाऱ्या ना हरकत प्रमाणपत्रापाशी सुरू होते. नियमानुसार त्यात तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात: उमेदवाराला अर्धवेळ संशोधनाची परवानगी आहे, नोकरीतील कामे सांभाळून त्याला संशोधनाला पुरेसा वेळ देता येतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी त्याला कार्यमुक्त केले जाईल. व्यवहारात हा कागद टंकलिखित मजकुरावर सही-शिक्का होऊन अर्जाला जोडला जातो आणि 'पुरेसा वेळ' म्हणजे आठवड्यातले कोणते दिवस, हे ना महाविद्यालय विचारते ना विद्यापीठाचा विभाग. भाषा किंवा इतिहासाचा विद्यार्थी रात्री घरी वाचून काही अंशी निभावून नेईल. प्रायोगिक भौतिकशास्त्रात ते चालत नाही.

पातळ फिल्म, म्हणजे धातूचा अतिशय पातळ थर, तयार करण्याचे साधे उदाहरण घेऊ. निर्वात पात्रात नमुना ठेवून आधी हवा उपसणारा रोटरी पंप चालवायचा, मग उरलेली हवा तापलेल्या तेलाच्या वाफेने ओढून घेणारा डिफ्यूजन पंप सुरू करायचा. त्यातले तेल तापायलाच अर्धा तास जातो, आणि दाब मिलिबारच्या एक लाखांशापर्यंत उतरायला आणखी एक-दोन तास. प्रत्यक्ष धातूचे बाष्पीभवन काही मिनिटांत उरकते, पण ते झाल्याबरोबर पात्र उघडून चालत नाही. गरम असतानाच हवा आत घेतली तर फिल्मचे ऑक्सिडीकरण होण्याचा धोका असतो. शिवाय पंप बंद करायच्या आधी तेल थंड होईपर्यंत गार पाणी चालू ठेवावे लागते, नाहीतर तेलाची वाफ पात्रात शिरते आणि पुढचे दोन दिवस साफसफाईत जातात. वाशीच्या महाविद्यालयातून दुपारी एकचा तास संपवून निघालेला शिक्षक हार्बर लोकलने कुर्ल्याला उतरून मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलासारख्या ठिकाणी पोहोचेपर्यंत अडीच वाजतात; पात्र निर्वात होईस्तोवर संध्याकाळ होते, आणि तेवढ्यात प्रयोगशाळा साहाय्यकाची सुटी होते. एकट्याने, रात्री, उच्च विद्युतदाबाच्या उपकरणापाशी कोणाला थांबू द्यावे, असे मी कोणत्याही विभागप्रमुखाला सुचवणार नाही. मग महिन्यातून एखादा शनिवार हाती लागतो आणि सहा वर्षांची मुदत अशा शनिवारांत विरून जाते.

म्हणून विषय ठरवतानाच प्रामाणिक बोलणे व्हायला हवे. सैद्धांतिक काम, संगणकीय गणने किंवा आधीच नोंदवून ठेवलेल्या निरीक्षणांचे विश्लेषण यांत अर्धवेळ विद्यार्थी खरोखर चांगले काम करू शकतो. नारायणगावजवळच्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीची जुनी निरीक्षणे संग्रहातून मिळतात. नवीन पनवेलला भारतीय भूचुंबकत्व संस्था आहे आणि अलिबागच्या वेधशाळेतील चुंबकीय नोंदी १९०४ पासूनच्या आहेत. (मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे वेध कुलाब्याहून अलिबागला न्यावे लागले होते, आमच्या भागातल्या किती विद्यार्थ्यांना हे ठाऊक असते?) मार्गदर्शकाकडे जागा आहे आणि विद्यार्थ्याला प्रवेश हवा आहे एवढ्यावर विषय बेतला, तर दोघांचीही वर्षे वाया जातात.

पूर्णवेळ विद्यार्थ्यांचे दुखणे वेगळे आहे. त्यांना आठवड्यात चार ते सहा तास प्रात्यक्षिके किंवा ट्युटोरियलचे काम देता येते असे नियम सांगतो. ते सहा तास पुढे किती होतात हे प्रथम वर्षाच्या प्रात्यक्षिकांच्या दिवसांत कोणत्याही प्रयोगशाळेत डोकावून पाहावे. पण हा विषय स्वतंत्र पत्राचा आहे.

नियमांनी विभागावरही बंधने घातली आहेत, ती विद्यार्थ्यांनी माहीत करून घ्यावीत. संशोधन सल्लागार समितीला प्रगती असमाधानकारक वाटली तर तिने कारणे नोंदवून सुधारणा सुचवायच्या असतात. नोंदणी रद्द करण्याची शिफारस त्यानंतर आणि कारणांसहितच करता येते. प्रबंध सादर झाल्यावर मौखिक परीक्षेच्या निकालापर्यंतची सारी प्रक्रिया सहा महिन्यांत पूर्ण व्हावी अशी तरतूद आहे. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवे विद्यार्थी घेता येत नाहीत, हेही मुलाखतीआधी तपासून घ्यावे.

माझी विनंती दोन ठिकाणी आहे. विद्यापीठांच्या भौतिकशास्त्र विभागांनी अर्धवेळ उमेदवाराला मुलाखतीतच लेखी कळवावे की नियोजित विषयासाठी कोणते उपकरण लागेल, ते आठवड्यात किती दिवस उपलब्ध असेल आणि त्या वेळी प्रयोगशाळेत जबाबदार माणूस कोण असेल. आणि ठाणे-नवी मुंबईतील प्राचार्यांनी ना हरकत प्रमाणपत्रावर सही करतानाच, येत्या सत्राच्या वेळापत्रकात त्या शिक्षकाला कोणते दोन सलग दिवस मोकळे ठेवले आहेत, ते त्याच कागदावर लिहून द्यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त भौतिकशास्त्र अध्यापक, ठाणे (पश्चिम)