केतकीस, रणाला निघण्यापूर्वी

डोंबिवली (पूर्व)
रविवार, दुपार

चि. केतकीस अनेक उत्तम आशीर्वाद.

डाव्या डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगतात, कडेला मधूनच वीज चमकल्यासारखे होते, डोळ्याच्या आतल्या पडद्याला बारीकशी चीर आहे म्हणून डॉक्टरांनी लेझर करून घ्यायला सांगितले आहे आणि ते कच्छच्या रणातले चित्रीकरणाचे शेड्यूल आटोपल्यावर बघू, हे सगळे काल तू एका दमात सांगितलेस आणि लगेच म्हणालीस, "बाबा, ती यादी तेवढी पाठवा." तेव्हा यादीच पाठवतो आहे. डोळ्याबद्दल जे बोलायचे ते फोनवर बोलून झाले. पत्रात ते पुन्हा उगाळायचे नाही असे तुझ्या आईला कबूल करून मी लिहायला बसलो आहे.

तुझ्या हाताखाली आलेल्या त्या दोन नव्या मुलांना रंग आणि छायालेखन कळावे म्हणून कोणते चित्रपट दाखवावेत, असा तुझा प्रश्न आहे. मी छायालेखक नव्हे. माझी उमेदीची वर्षे लॅबमध्ये ग्रेडिंगच्या टेबलापाशी गेली, दुसऱ्याने टिपलेल्या निगेटिव्हला प्रिंटिंगच्या वेळी लाल, हिरवा आणि निळा प्रकाश किती द्यायचा हे ठरवण्यात गेली. त्यामुळे माझ्या आवडीला त्या कामाचा वास येणारच. मला भव्य दृश्यांपेक्षा माणसाच्या गालाचा रंग आधी दिसतो.

यादीतला पहिला चित्रपट रंगीतच नाही, याचे त्या मुलांना नवल वाटेल, पण 'कागज के फूल' पासूनच सुरुवात कर. १९५९ सालचा हा चित्रपट, आपल्याकडचा पहिला सिनेमास्कोप, म्हणजे रुंद पडद्याचा. 'वक्त ने किया' या गाण्यात रिकाम्या स्टुडिओत वरून प्रकाशाचा एक तिरपा झोत उतरतो, तो छायालेखक व्ही. के. मूर्तींनी दिव्यांनी केलेला नाही. त्यांनी दोन मोठे आरसे वापरले. बाहेरच्या उन्हात ठेवलेल्या आरशाने ऊन आत दुसऱ्या आरशावर टाकले आणि त्या दुसऱ्याने ते खाली सोडले. झोत डोळ्यांना दिसावा म्हणून हवेत धूर. आज हे दृश्य एखाद्या शक्तिमान दिव्याने तासाभरात उभे करता येईल, पण सूर्य सरकतो तसा आरसाही सरकवावा लागतो, आणि ही मोजकी मिनिटे हाताशी धरून काम करण्याची शिस्त त्या चौकटीत दिसते. मुलांना गाणे आवाज बंद करून दाखव.

त्याच्या जोडीने 'अपराजितो' (१९५६). बनारसच्या घराचे अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत बांधलेले होते, आणि चारही बाजूंनी बंद असलेल्या अंगणात वरून झिरपणारा, सावली न पाडणारा उजेड स्टुडिओच्या दिव्यांनी येईना. तेव्हा छायालेखक सुब्रत मित्रांनी अंगणावर पांढरे कापड ताणले आणि दिवे खालून त्या कापडावर मारून तिथून परतलेला प्रकाश वापरला. तुम्ही आज 'बाउन्स' म्हणून सहज थर्माकोल लावता, त्याच्या आपल्याकडच्या खटाटोपाची मुळे त्या अंगणात आहेत.

आता रंग. शांतारामबापूंशिवाय मराठी माणसाची यादी पुरी होत नाही, आणि माझ्या टेबलावर तर ते कायमचे आराध्यदैवत होते. १९३३ साली 'सैरंध्री'साठी ते रंगांच्या मागे थेट जर्मनीपर्यंत गेले आणि हाती आलेले रंग काही मनासारखे नव्हते. तो नाद त्यांनी सोडला नाही. 'झनक झनक पायल बाजे' (१९५५) टेक्निकलरमध्ये आला तेव्हा लोकांनी तो पुन्हा पुन्हा पाहिला. तुझी आजी तर नुसत्या साड्यांसाठी गेली होती. आज त्यातले काही रंग भडक वाटतात. मला ते तेव्हाही थोडे भडकच वाटत, पण भडकपणा आणि निष्काळजीपणा यांत फरक असतो. तिथला लाल कुठेही चुकून आलेला नाही.

त्यानंतर 'दो आँखें बारह हाथ' करताना बैलाशी झालेल्या झटापटीत त्यांच्या डोळ्याला इजा झाली, आणि डोळ्यांवर पट्टी बांधून पडून राहावे लागले त्या दिवसांतून 'नवरंग' (१९५९) जन्माला आला. त्या अंधारात त्यांना रंगच रंग दिसत होते, हे त्यांनी चित्रपटाच्या आरंभी स्वतः पडद्यावर येऊन सांगितले आहे. होळीच्या गाण्यात संध्या एकटीच पुरुष आणि स्त्री दोन्ही होऊन नाचते, तेव्हा पाठमोरी वळताच डोक्याच्या मागच्या बाजूचा मुखवटा समोर येतो. लहानपणी तू त्याला घाबरून माझ्या मागे लपायचीस. पण केतकी, बापू पट्टी बांधून पडून राहिले होते. त्यांनी डॉक्टरांना 'पुढचे शेड्यूल आटोपल्यावर बघू' म्हणून सांगितले नव्हते.

झाले. ठरवूनही आलेच. पुढे जातो.

'पाकीजा' (१९७२) मात्र सावकाश दाखव. योसेफ विर्शिंग हा जर्मन छायालेखक 'बॉम्बे टॉकीज'च्या काळात इथे आला आणि इथलाच झाला. चित्रपट इतकी वर्षे रेंगाळला की तो पुरा होण्याआधी, १९६७ साली, विर्शिंग वारला आणि उरलेले काम इतरांनी केले. त्यांत मूर्तीही होते. माझ्यासारख्याला खरे कौतुक इथे वाटते. इतक्या वर्षांत, इतक्या हातांनी टिपलेले तुकडे एकमेकांशी जुळवणे म्हणजे काय असते हे मला ठाऊक आहे. 'इन्हीं लोगों ने' मध्ये मीनाकुमारीकडे पाहू नका, तिच्या मागे पाहा, असे मुलांना सांग. मागे, फार मागे, सज्जासज्जांतून आणखी नर्तकी नाचत आहेत. त्यांच्याकडे कुणाचे लक्ष जाणार नाही हे माहीत असूनही कुणीतरी तेवढ्या खोलीपर्यंत उजेड पोचवला आहे. गाणे एका बाईचे आहे आणि चौकट सगळ्या बाजाराची, हे न बोलता कळते.

एक गोष्ट मात्र सांगून ठेव. त्या काळच्या इस्टमनकलर प्रिंटमधले रंग टिकत नसत. त्यातला निळसर हिरवा रंग आधी उडतो आणि सगळी प्रिंट गुलाबी पडते. उलट टेक्निकलर पद्धतीने रंग चढवलेल्या प्रिंट पुष्कळ टिकल्या. आम्ही जुन्या प्रिंट तपासायला घेत असू तेव्हा आकाश गुलाबी, झाडे गुलाबी, नायकाचा सदरा गुलाबी, असे कितीतरी पाहिले आहे. तेव्हा एखादा जुना चित्रपट फिका दिसला तर छायालेखकाला नावे ठेवण्याआधी समोरची प्रिंट कोणती, हे विचारायला त्यांना शिकव. निगेटिव्ह शाबूत असेल तर नवी प्रिंट निघते. निगेटिव्हवरच ओरखडा गेला तर मग जगातला कुठलाही ग्रेडर काही करू शकत नाही. डोळ्याच्या पडद्याचे तसेच आहे, त्याची दुसरी प्रत निघत नाही. तुझ्या आजीच्या बाबतीत 'दिवाळीनंतर बघू' म्हणता म्हणता काय झाले, ते तू पाहिले आहेस.

मी रागावून लिहीत नाही. तू तीन-चार वर्षांची असशील, तेव्हा तुला लॅबच्या प्रिव्ह्यू थिएटरात मांडीवर घेऊन बसायचो. आवाज नसलेल्या रशेस, म्हणजे ताज्या चित्रणाच्या कच्च्या प्रिंट, चालायच्या. एकदा तू मोठ्याने विचारलेस, "त्या बाईचा गाल हिरवा का?" सगळे हसले. मी नोंद तपासली, आणि खरेच हिरव्या प्रकाशाचे दोन पॉइंट (पॉइंट हे आमचे प्रकाशाचे माप) कमी पडले होते. (प्रिंटवरचा हिरवेपणा काढायचा तर हिरवा प्रकाश वाढवावा लागतो, हे उलटे गणित तुला नंतर कितीदा समजावले!) आणि त्याच मुलीला तिसरीत फळ्यावरची अक्षरे दिसत नाहीत असे बाई सांगत आल्या. चष्मा लागला, मग नंबर दरवर्षी वाढतच गेला, तो उणे नऊवर जाऊन थांबला. एवढ्या मोठ्या नंबरच्या डोळ्याचा पडदा ताणून पातळ झालेला असतो, हे मी सांगायला नको. जिला दोन पॉइंटांचा फरक नुसत्या डोळ्याने कळतो, तिने त्या डोळ्यांची एवढी हेळसांड करावी हे मला सहन होत नाही, इतकेच.

परदेशी चित्रपटांचे तू तुझे बघ, त्यात तुला माझ्यापेक्षा जास्त कळते. 'ब्लॅक नार्सिसस' (१९४७) तेवढा दाखव. हिमालय म्हणून आपण जो पाहतो तो छायालेखक जॅक कार्डिफने इंग्लंडमधल्या स्टुडिओत, काचेवर रंगवलेल्या डोंगरांच्या मदतीने टिपला आहे, आणि तरी उंचीवरची थंडी जाणवते. 'बॅरी लिंडन'मधल्या, मेणबत्त्यांच्या उजेडात टिपलेल्या दृश्यांबद्दल मुलांनी वाचलेले असेलच.

आणि 'डेज ऑफ हेवन' (१९७८), जो तू मला पेन ड्राइव्हवर आणून दिलास. कथा टेक्सासची, चित्रण कॅनडातल्या अल्बर्टात. सूर्य मावळल्यानंतर आणि अंधार पडण्याआधी जो थोडा वेळ उजेड राहतो, त्या उजेडात नेस्तोर अल्मेंड्रोसने गव्हाची शेते टिपली. दिवसभर तयारी आणि पंचवीस मिनिटे काम. गव्हाच्या लोंब्यांना त्या वेळी येणारा मऊपणा मी कुठल्याही लाइटबॉक्सवर पाहिला नव्हता. त्याला ऑस्कर मिळाले. आता तू म्हणशील की त्या काळात अल्मेंड्रोसची नजर अधू होत चालली होती, सहाय्यक पोलरॉइड काढून आणायचे आणि तो जाड भिंगातून ते न्याहाळायचा, असे सांगतात, मग माझे काय अडले? अडते. तो छायालेखक होता आणि त्याच्या भोवती इतरांचे डोळे होते. तू फोकस पुलर आहेस, चित्रण चालू असताना कॅमेऱ्याचा फोकस अचूक राखणारी. छायालेखकाला नजर उधार मिळते, तुझे सगळे कामच नजरेवर चालते.

मराठीतला अलीकडचा एकच घालतो, 'किल्ला'. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केले आणि कॅमेराही स्वतःच चालवला. २०१४ साली बर्लिनच्या महोत्सवात मुलांच्या परीक्षक मंडळाने त्याला क्रिस्टल बेअर दिले. कोकणातल्या पावसाचे हिरवे रंग टिपणे फार अवघड, कारण सगळेच हिरवे असते आणि पडद्यावर त्याचा एक चिखल होतो. इथे शेवाळाचा हिरवा वेगळा, झाडांचा वेगळा, किल्ल्याच्या ओल्या दगडावरचा वेगळा. वडील गेलेल्या त्या मुलाचे एकटेपण कुणी बोलून दाखवत नाही, ते या ओल्या रंगांवर सोडून दिले आहे. आम्ही दोघांनी तो थिएटरात पाहिला तेव्हा तुझी आई गुहागरच्या आठवणीने रडली, पण ते वेगळे.

गेल्या वर्षी तुझ्या चित्रपटालाही आम्ही असेच दोघे गेलो होतो. श्रेयनामावली संपेपर्यंत बसलो, दिवे लागले, सफाईवाली मुले झाडू घेऊन आली तरी उठलो नाही, कारण तुझे नाव कॅमेरा विभागात अगदी खाली आणि झरझर जाणारे होते. माझ्या साऱ्या कारकिर्दीत पडद्यावर लॅबचे नाव यायचे, ग्रेडरचे क्वचितच. ते मला कधी खुपले नाही. पण तुझे नाव गेले तेव्हा मी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगितले की ही माझी मुलगी. त्याने "हो का" म्हटले आणि पॉपकॉर्नचा डबा उचलून निघून गेला.

आता रणाविषयी, कारण ते तुझे काम आहे आणि त्यात मी ढवळाढवळ करणार. पांढरे मीठ प्रकाश मोजणाऱ्या मीटरला फसवते. मीटरला वाटते उजेड फार, तो एक्स्पोजर कमी करायला सांगतो आणि माणसांचे चेहरे काळवंडतात. चेहऱ्यावर पडणारा प्रकाश मोजायला सांग, मिठावरून परतणारा नव्हे. तुमच्या छायालेखकांना हे ठाऊक असणारच, म्हाताऱ्याचे बोल म्हणून सोडून दे. पण त्या मिठावर दुपारी दोन वाजता डोळे बारीक करून मॉनिटरकडे बघणारी तू असशील, जीपचे धक्के खाणारी तू असशील, आणि डोळ्याचा पडदा सुटला तर रणाकाठच्या धोरडोहून भुज गाठायलाच दीड-दोन तास जातील, मग तिथून पुढे कुठे, याचा विचार प्रॉडक्शनमधले कुणी केलेले नाही. व्याख्यान झाले, कळते आहे मला. माफ कर. गणपतीत आपले जे झाले त्यानंतर मी तुला उपदेश करायचा नाही असे ठरवले होते आणि ते निभावत नाही.

तुझी आई मंगळवारी सकाळच्या गाडीने अंधेरीला येते आहे. तुला आवडते म्हणून सुरळीच्या वड्या आणेल, पण ती येते आहे ते तुला घेऊन दवाखान्यात जाण्यासाठी, हे तुलाही कळेल. लेझरला फार वेळ लागत नाही असे डॉक्टरांनीच तुला सांगितले आहे. त्यानंतर धक्के आणि वजन उचलणे किती दिवस टाळायचे ते त्यांच्याकडून लिहून घे आणि तो कागद प्रॉडक्शनला पाठव. पहिले काही दिवस फोकसला दुसरे कुणी उभे करता येते. माणूस मिळत नसेल तर सदाकाकाच्या पुतण्याला विचार, तो सध्या मोकळा आहे. मी बोलून ठेवले आहे. विचारल्याशिवाय बोललो म्हणून चिडू नकोस.

तुझे,
बाबा

ता. क. 'पाकीजा' मुलांना मोबाइलवर दाखवू नकोस. मागच्या सज्ज्यांतल्या त्या नर्तकी दिसणारच नाहीत.