जर्मनची तासिका आयटीआयच्या पहिल्याच वर्षी लावा : कौशल्य विकासमंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदय,
कौशल्य, रोजगार, उद्योजकता व नावीन्यता विभाग, महाराष्ट्र राज्य

सादर नमस्कार.

फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने जर्मनीतील बाडेन-वुर्टेंबर्गशी कुशल मनुष्यबळ पुरवण्याचा करार केला, याचा आम्हाला मनापासून आनंद आहे. पण लातूर, बीड, हिंगोलीचा मुलगा तिथवर पोचणार की वाटेतच अडणार, हे आयटीआयच्या पहिल्या काही महिन्यांतच ठरते.

पहिली अडचण भाषेची. जर्मनची बी-१ पातळी, म्हणजे रोजच्या व्यवहारात स्वतंत्रपणे बोलता-लिहिता येईल इतकी भाषा, गाठायला ४५ मिनिटांच्या साधारण ३५० ते ६५० तासिका लागतात. आठवड्याला सहा तासिका आणि वर्षाचे चाळीस आठवडे धरले तर दोन वर्षांत ४८० होतात. म्हणजे प्रवेश होताच सुरुवात केली तर फिटर किंवा वीजतंत्री ट्रेडचा मुलगा अंतिम परीक्षेच्या सुमारास बी-१ ला बसू शकतो. निकालानंतर वर्ग सुरू केला तर घरची नड भागवायला तो वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटी कामावर जातो आणि भाषा मागे पडते. गोएथे संस्थेच्या बी-१ परीक्षेत वाचन, ऐकणे, लिहिणे आणि बोलणे या चारही भागांत १०० पैकी ६० गुण लागतात. एखादा भाग राहिला तर तेवढाच पुन्हा देता येतो. हे वर्गात पहिल्याच दिवशी सांगायला हवे, नाहीतर एका भागापायी मुले सगळेच सोडून देतात.

दुसरी गोष्ट वर्कशॉपमधली आणि ती जिवाशी खेळणारी आहे. आपल्याकडे रूढ रंगांत लाल, पिवळी, निळी या फेजच्या वायर आणि काळी न्यूट्रल. युरोपात तपकिरी, काळी, करडी या फेज आणि निळी न्यूट्रल. इथे दोन वर्षे काळी वायर न्यूट्रल म्हणून हाताळलेल्या मुलासाठी तिथली काळी वायर जिवंत असते! प्रत्येक वीजतंत्री तुकडीला युरोपीय रंगांचा एक सराव बोर्ड द्या. खर्च फार नाही. जपानला जाणाऱ्या फिटरची अडचण वेगळी. ड्रॉइंगमध्ये वस्तूची समोरची, वरची, बाजूची दृश्ये कुठे मांडायची याच्या दोन पद्धती आहेत. आपण फर्स्ट अँगल शिकवतो, जपानमध्ये थर्ड अँगल चालतो. ड्रॉइंगवरचे पद्धतीचे चिन्ह न पाहता जॉब (घडवायचा भाग) केला तर डावे-उजवे उलटते आणि जॉब भंगारात जातो. थर्ड अँगलची दहा-बारा ड्रॉइंग सरावाला पुरेत.

तिसरी गोष्ट नोंदवहीची. जर्मनीत या ट्रेडचे शिक्षण साडेतीन वर्षांचे, आपला फिटर दोन वर्षांचा आणि वेल्डर एकाच वर्षाचा. त्यामुळे तिथे आपली पात्रता तपासताना बहुधा अंशतः समकक्षता मिळते आणि उरलेली उणीव अनुभवाच्या पुराव्याने किंवा पूरक प्रशिक्षणाने भरावी लागते. 'अमुक काळ समाधानकारक काम केले' या एका ओळीच्या दाखल्याने काही सिद्ध होत नाही. कोणते मशीन, कोणता जॉब, किती टॉलरन्स (मापातली चालणारी तफावत), किती तास, हे लिहिलेले लागते. जर्मन शिकाऊ उमेदवार अशी वही नियमाने ठेवतो. आपल्याकडेही प्रात्यक्षिक वही आहे, पण ती रोज भरली आणि तपासली गेली तरच कामाची. शिकाऊ उमेदवारीतही कंपन्यांना हाच नमुना सक्तीचा करावा.

दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर वेगळी मांडणी, हा घोळ प्रवेशाच्या वेळीच तपासून घ्यावा.

शेवटचा मुद्दा देवाणघेवाणीचा. सध्या जे चालले आहे ते पाठवणे आहे. जर्मन कायद्यानुसार तिथल्या शिकाऊ उमेदवाराला प्रशिक्षणाच्या कमाल चौथ्या भागापर्यंतचा काळ परदेशात घालवता येतो आणि युरोपबाहेर जाण्यासाठी 'आउसबिल्डुंगवेल्टवाइट' ही तिथल्या सरकारची अर्थसाहाय्य योजना आहे. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम ही प्रशिक्षण संस्था आहे, शेंद्र्यात श्कोडा आणि लिबहेर या कंपन्या आहेत. जर्मनीतले आठ-दहा शिकाऊ तीन-चार आठवडे इथे आले, आमच्या मुलांशेजारी उभे राहून डाय (धातूला आकार देणारा साचा) बनवू लागले, तर जर्मन बोलण्याचा सराव पुण्याला न जाता होईल. त्यांच्या कंपन्यांना आमच्या मुलांचा हातही दिसेल.

येत्या ऑगस्टच्या सत्रापासून मराठवाड्यातील प्रत्येक जिल्ह्यात एका आयटीआयमध्ये आठवड्याला सहा तासिका, सराव बोर्ड आणि नोंदवही यांचा शासन आदेश काढावा, ही विनंती.

आपले,
मराठवाड्यातील आयटीआयचे काही शिल्प निदेशक (प्रशिक्षक)