सूचना : शनिवारच्या प्रशिक्षणाबाबत

दापोली तालुक्यातील सर्व सभासद शिक्षक-शिक्षिकांना कळविण्यात येते की, बालकांवरील अत्याचार ओळखणे व त्याची खबर देणे या विषयावरील प्रशिक्षण येत्या शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर होणार असून हर्णै, आंजर्ले, केळशीकडील सभासदांनी एसटीची वेळ पाहूनच निघावे. पोक्सो (लैंगिक गुन्ह्यांपासून बालकांचे संरक्षण) कायदा, २०१२ च्या कलम १९ नुसार असा लैंगिक गुन्हा घडल्याचे कळले किंवा घडण्याची भीती वाटली, तरी पोलिसांना कळविणे प्रत्येकावर बंधनकारक आहे. मुख्याध्यापकांच्या कानावर घातले म्हणजे आपले काम झाले, हा समज चुकीचा आहे. सद्हेतूने खबर देणाऱ्यास कायद्याचे संरक्षण आहे.

ऐन वैशाखाच्या उकाड्यात माझ्या वर्गातील एक मुलगी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून येई आणि शाळा सुटल्यावर दप्तर भरायला मुद्दाम वेळ लावी. मी ‘लाजाळू आहे’ म्हणून सोडून दिले, याची खंत आजही आहे. वडील बोटीवर, आई मुंबईला आणि मूल आजीकडे, अशा घरांतील मुलांचे बोलणे ऐकणारे बहुधा आपणच असतो.

मूल बोलू लागल्यास शांतपणे ऐकावे, खोदून खोदून विचारू नये आणि त्याचे नाव वा फोटो ग्रुपवर मुळीच टाकू नये. तातडीच्या मदतीसाठी १०९८ हा क्रमांक वर्गात लावावा.