मोरीजवळचा दगड

सातारा,
महाशिवरात्रीचा दुसरा दिवस

प्रिय वसंतास,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. निवृत्तीनंतर मी स्कूटरवरून पडक्या विहिरी आणि दगड पाहत हिंडतो, हे तुला आमच्या घरून फोनवर कळले, आणि ‘हे नवे खूळ कुठून आले’ असे तू विचारले आहेस. खूळ नवे नाही. त्याचे मूळ तुलाही ठाऊक आहे, कारण त्या दिवशी मोजणीची दुर्बीण मी लावली होती आणि समोर पट्टी धरून तू उभा होतास. पण त्याकडे शेवटी येतो.

आपण दोघांनी तीस वर्षे रस्ते सरळ केले. वळण काढले, चढ छाटला, गावाला बाहेरून वळसा दिला, की काम चांगले झाले असे आपण मानत असू, आणि प्रवाशाच्या दृष्टीने ते खरेही होते. मात्र रस्ता जिथून उचलला तिथे मागे काय उरते, हे पाहायला आपण कधी परत गेलो नाही. गेली दोन वर्षे मी तेवढेच करतो. नवा रस्ता सोडायचा, जुन्या तुकड्यावर उतरायचे आणि तो शेतात किंवा बाभळीत विरून जाईपर्यंत जायचे.

असा तुकडा ओळखायला मला नकाशा लागत नाही. माळावर मध्येच वड आणि चिंचा दोन ओळींत, सारख्या अंतरावर दिसल्या की त्यांच्यामधून रस्ता गेलेला असतो. काही खोडांवर गेरू आणि चुन्याच्या पट्ट्यांचा अंश अजून आहे, आणि एका चिंचेवर तर झाडाचा क्रमांकही वाचता येतो. या चिंचांचा दरवर्षी लिलाव व्हायचा आणि आपल्याला त्याची पत्रके काढावी लागायची, ते आठवते ना? पुढे बहुधा मैलकुलीची खोली लागते. छप्पर गेलेले असते, पण खोलीशेजारचा आड शाबूत असतो. मैलकुली आपल्या हद्दीतल्या साईडपट्टीवर मुरूम टाकी, पावसाळ्याआधी गटारे काढी आणि वाटसरूला पाणीही देई. यांपैकी शेवटचे काम कोणत्याच नियमपुस्तकात नव्हते. एका खोलीच्या उंबऱ्याशी मला मैलाचा दगड सापडला. किलोमीटर आल्यावर हे दगड निकामी झाले आणि लोकांनी त्यांच्या पायऱ्या केल्या. त्यावरचा आकडा खालच्या बाजूला गेलेला होता, म्हणून मी हाताने चाचपून वाचला.

गेल्या महिन्यात पुण्याकडे गेलो होतो. खंबाटकीला जाताना बोगद्यातून गेलो आणि येताना घाटातून, त्यामुळे मला हवे ते सारे परतीच्या वाटेवर होते. नीरेचा पूल ओलांडून शिरवळच्या जुन्या दगडी पाणपोईपाशी थांबलो. मोठमोठ्या गाड्या शेजारून धडधडत जात होत्या, आणि आत मात्र दगडाचा गारवा टिकून होता. पुढे घाटात खामजाईच्या देवळाशी पाण्याचे टाके आहे. त्या खांबटाक्यावरूनच घाटाला नाव पडले असे सांगतात. चढ चढून आलेल्या बैलाला आणि माणसाला जिथे पाणी लागेल, नेमकी तिथेच पूर्वीच्या लोकांनी सोय केलेली दिसते. आपण आता टोलनाक्याची जागा ठरवतो, तसे ते पाण्याची जागा ठरवत.

लिंब गावची बारा मोटेची विहीर तुला आठवतच असेल. महामार्गापासून ती जवळ आहे, तरी आपल्या नोकरीच्या काळात तिथे गुराख्यांखेरीज कोणी नसे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १७१९ ते १७२४ या वर्षांत, विरूबाई भोसले यांनी ती बांधून घेतली. खोली सुमारे ११० फूट, व्यास ५० फूट. मोटा बारा म्हणतात, पण मोटांच्या जागा पंधरा आहेत. मी दोनदा मोजल्या. वर उभे राहिल्यावर बैलांची धाव कुठे असेल, नाडा आणि सोंदूर हे मोटेचे दोर कसे सुटत असतील आणि मोट रिकामी होते त्या थारोळ्यातले पाणी पाटाने आमराईकडे कसे जात असेल, हे सगळे डोळ्यांपुढे येते. आता तिथे सुट्टीच्या दिवशी गर्दी असते. लोक आतल्या महालाच्या कमानीत उभे राहून छायाचित्रे काढतात आणि निघतात. मला त्याचा राग येत नाही, ओस पडण्यापेक्षा ते बरे. काल रात्री मी पलीकडच्या एका गावातल्या विसरलेल्या बारवेवर होतो. महाशिवरात्रीला तिथल्या मुलांनी गाळ काढून पायऱ्यांवर पणत्या लावल्या होत्या. एका म्हातारबाबांनी मला सांगितले की ते लहानपणी इथे पोहायला शिकले आणि नळ आल्यापासून या पायऱ्या काही उतरले नव्हते.

याउलट आक्षीचे उदाहरण आहे. कार्तिकात अलिबागला लेकीकडे गेलो असता मुद्दाम रेवदंड्याच्या रस्त्याने निघालो. शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला, शके ९३४ म्हणजे इ. स. १०१२ चा तो शिलालेख, मराठीतला आद्य लेख म्हणून अभ्यासक ज्याचा उल्लेख करतात, तो कितीतरी वर्षे रस्त्याच्या कडेला तसाच राहिला. वर चंद्र-सूर्य, मध्ये लेख आणि खाली दान मोडणाऱ्याला घातलेली गद्धेगाळ, म्हणजे गाढवाची कोरलेली शिवी. लेखाचा विषय काय, तर महालक्ष्मीच्या बोडणासाठी, म्हणजे देवीच्या पूजाविधीसाठी, द्यायचे धान्य. राजाच्या पदव्या आणि धान्य मोजायच्या कुवलीचे माप एकाच दगडावर आहेत. वाटसरूने वाचावे म्हणूनच असा दगड वाटेवर उभा करत. तो कपाटात ठेवला तर लेख शाबूत राहील, पण ती शिवी ज्याला ऐकवायची तो माणूस समोरून जाणार नाही.

आता तुला सांगायचे आहे ते सांगतो. माण तालुक्यात, दहिवडीच्या अलीकडे, आपण रुंदीकरणाची आखणी केली होती. रस्त्याखालच्या मोरीला लागून एक दगड उभा होता, शेंदूर फासलेला, अर्धा मातीत गेलेला. मी तेव्हा पाहिले ते एवढेच, की तो मध्यरेषेपासून चार मीटरवर आहे आणि गटाराच्या आड येतो. अंदाजपत्रकात मी ‘दगड हलविणे, एक नग’ अशी ओळ लिहिली. मजुरांनी पहारींनी तो काढला, तेव्हा मातीतला भाग उघडा झाला आणि खाली गाई दिसल्या. गाई, त्यांच्यामागे ढाल-तलवार घेतलेला माणूस, वरच्या पट्टीत त्याला नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर तो शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला. गावाची गुरे वळवून नेणाऱ्यांशी लढताना मेलेल्या कोणाचा तरी तो वीरगळ होता. तू म्हणालास, ‘अरे, हा इथेच राहू दे, गटार दोन फूट वळवू.’ मी म्हणालो, ‘नकाशा मंजूर झालाय.’ दगड देवळात ठेवतो असे सरपंचांनी सांगितले, ट्रॅक्टर आला, आणि आपण पुढच्या खुंटीकडे गेलो.

मागच्या पौषात मी त्या देवळात गेलो. ओट्यावर तीन वीरगळ आहेत आणि तिन्ही ऑईलपेंटने रंगवलेले आहेत, त्यामुळे आपला कोणता ते ओळखता येईना. पुजारी म्हणाले की देवळाच्या जीर्णोद्धारात काही दगड पायात गेले. त्या गावाचा माणूस कुठे पडला हे सांगणारी एकच खूण होती, ती त्या जागेवर होती म्हणूनच खूण होती, आणि ती मी एका ओळीत खोडली. चारित्र्यपत्रात त्या वर्षी मला ‘उत्कृष्ट’ शेरा मिळाला, हेही सांगून टाकतो.

मी त्या मोरीवरही जाऊन आलो. रस्ता आता आणखी रुंद झाला आहे, जुन्या मोरीच्या जागी पाईप टाकले आहेत आणि दगड डाव्या अंगाला होता की उजव्या, याची मला खात्री राहिलेली नाही. गावातली तरुण मुले तिथे छोटा चौथरा बांधायला तयार आहेत. ओट्यावरच्या तिघांपैकी आपला ओळखू आला तर तो परत उभा करू, असे सरपंचांचा नातू म्हणतो. तू त्या काळी लेव्हलच्या वहीत कडेला पेन्सिलने चित्रे काढत असायचास, आणि त्या वह्या टाकणाऱ्यांतला तू नव्हेस. माळ्यावरची पेटी उघडून पाहशील का? गाई किती होत्या, आणि ढाल कोणत्या हातात होती, एवढे कळले तरी पुरे.

सौ. वहिनींना नमस्कार. पाडव्यानंतर ऊन फार चढते, तेव्हा यायचे असेल तर त्याआधी ये. स्कूटर मी चालवीन.

तुझा,
दिनकर