उद्यमनगरातल्या मामांना

ती. मामा,
सा. न. वि. वि.

समोर आभार मानायला गेलं की तुम्ही "चहा सांगू का?" म्हणून विषय मोडता. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. आता मोडून दाखवा.

तुमच्या इंजिन दुरुस्तीच्या वर्कशॉपात मी यायचे ती जीएसटीची बिलं गोळा करायला. कोल्हापुरात वाढलेल्या माणसाला लेथचा आवाज नवा नसतो, पण आत नेमकं काय चाललंय हे कुणी बसवून सांगत नाही. त्यातून हिशेब लिहिणारी बाई इंजिनबद्दल विचारायला लागली की लोक हसून "तुम्हाला काय करायचंय?" म्हणतात. तुम्ही बोअर गेज, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास मोजायचं मापक, हातात दिलात आणि म्हणालात, "आकडा सांगा, ताई. बरं वाटतंय का ते नको."

टेबलावर रेससाठी बांधायचं जुन्या मारुती एस्टीमचं इंजिन होतं. 74 मिलिमीटरचा बोअर (सिलिंडरचा व्यास), 75.5 चा स्ट्रोक (पिस्टनची धाव), म्हणजे एका सिलिंडरचे जवळपास 325 सीसी. गॅस्केटची जाडी धरून पिस्टनच्या वर 40.6 सीसी जागा उरली तर कॉम्प्रेशन नऊला एक, म्हणजे नऊ वाटे हवा एका वाट्यात दाबली जाते. दहाला एक हवं तर ती जागा 36 सीसीवर आणायची. हे गणित मला ताळेबंदापेक्षा लवकर कळलं! पण जागा मोजायची कशी, हे तुमच्या टेबलावरच कळलं. हेड, म्हणजे सिलिंडरांवरचं झाकण, उलटं ठेवून वॉल्व्ह आणि प्लग बसवायचे, कडेला ग्रीस लावून वर भोक पाडलेली ॲक्रिलिकची पट्टी चिकटवायची आणि सिरिंजनं रॉकेल सोडत राहायचं. शेवटचा बुडबुडा निघून गेला की आकडा लिहायचा. चारही चेंबर सारखे आल्याशिवाय हेडला प्लेन मारायचं, म्हणजे त्याचा तळ घासून कमी करायचा, नाही, यावर तुम्ही अडून बसायचात. प्लेन मारलं की वॉल्व्ह उघडणारा कॅम पिस्टन हलवणाऱ्या क्रँकच्या जवळ सरकतो आणि बेल्टचं टायमिंग थोडं मागं पडतं, हेही तेव्हाच सांगितलंत. वॉल्व्ह पिस्टनला आपटणार नाही ना, हे बघायला पिस्टनवर पोरांच्या खेळण्यातला क्ले थापून, हेड आवळून, क्रँक हातानं दोन पूर्ण फेरे फिरवायचा, मग हेड उघडून क्ले ब्लेडनं कापायचा आणि वॉल्व्हखाली उरलेली जाडी मोजायची. तो क्ले तुमच्या नातवाचा होता, हे मला नंतर कळलं.

सगळ्यात जास्त आभार मात्र त्या जाडजूड लोखंडी पाटाचे. होनिंगच्या, म्हणजे बोअर आतून घासण्याच्या, आधी तुम्ही तो हेडच्या जागी ब्लॉकवर (सिलिंडर असलेल्या ठोकळ्यावर) बोल्टनं आवळायचात आणि मला वाटायचं, मिस्त्री उगाच काम वाढवतायत. मग तुम्ही पाटाशिवाय आणि पाट आवळून, असं दोन्ही वेळा बोअर मोजायला लावलंत. गेजचा काटा हलला. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. ब्लॉक मोकळा असताना अचूक गोल केलेला बोअर गाडीत बसल्यावर गोल राहत नाही. म्हणून आवळलेल्या अवस्थेतच घासायचा. गाडीला नुसता नवीन एक्झॉस्ट बसवणाऱ्या कितीजणांना हे माहीत असेल, देव जाणे.

रिंगचंही तसंच. उलट्या पिस्टननं पिस्टनची रिंग बोअरमध्ये सरळ ढकलायची आणि तिच्या दोन टोकांमधल्या फटीत फिलर गेज, म्हणजे मापाची पातळ पट्टी, घालायचा. 74 च्या बोअरला वरच्या रिंगची फट साधारण 0.30 मिलिमीटर, रेसला त्याहून थोडी जास्त, कारण तापली की रिंग फुगते आणि टोकाला टोक भिडलं तर खेळ खलास. पिस्टन क्रँकला जोडणारे कनेक्टिंग रॉड तोलायला तर तुम्ही गुजरीतल्या सोनाराकडे पाठवलंत. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. इंजिनाचे फेरे दुप्पट केले की रॉडवरचा ताण चौपट होतो, हे त्याला सांगून काही उपयोग झाला नाही.

पोर्ट, म्हणजे हेडमधली हवेची वाट, मोठं करून द्या म्हणणाऱ्या पोरांना तुम्ही कसं परतवायचात, तेही पाहिलंय. भोक वाढलं की हवेचा वेग पडतो आणि खालच्या फेऱ्यांत इंजिन मेल्यासारखं चालतं, हे शांतपणे सांगायचात. रस्त्यावर फिरवायच्या गाडीला हात लावायला मात्र साफ नकार. गाडीच्या मूळ रचनेत बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि त्यावरचा 2019 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल तुम्हाला माझ्यापेक्षा आधी पाठ होता. गिऱ्हाईक गेलं तर जाऊ दे, म्हणायचात. तुमचे हिशेब मीच बघते, त्यामुळे किती गेली ते मला ठाऊक आहे.

कोइम्बतूरच्या करिवर्धन यांची गोष्ट तुम्ही सांगितलीत. मारुती 800 च्या इंजिनावर त्यांनी स्वस्तातली रेसकार उभी केली. 1995 मध्ये ते विमान अपघातात गेले आणि तिथल्या 2003 साली सुरू झालेल्या ट्रॅकला त्यांचं नाव दिलं. ते सांगताना तुमचा आवाज वेगळा लागतो. एरवी तुम्ही कुणाची स्तुती करत नाही.

माझा स्वतःचा ब्लॉक आता आलाय, भंगारातून घेतला. बोअर मोजून कागदावर लिहिलेत, वर, मध्ये, खाली, दोन्ही दिशांना. सोमवारी घेऊन येते. पाट लागेल, आणि या वेळी बोल्ट मी आवळणार. मजुरीचं बिल रीतसर फाडा, नाहीतर रिटर्न भरणार नाही.

तुमची,
हिशेबवाली ताई