बाबांनी फोनवर विचारलेलं

घणसोली,
रविवार

ती. आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

मुख्य गोष्ट आधीच सांगते, म्हणजे पुढचं पत्र धास्तीनं वाचावं लागणार नाही. ऐरोलीच्या नोकरीचा राजीनामा दिला आहे. महिनाअखेरीला तिथलं काम संपेल आणि एक तारखेपासून महापेच्या स्टुडिओत ऑब्झर्व्हर म्हणून रुजू होईन, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांच्या प्रक्षेपणात प्रेक्षकांना कोणतं दृश्य दाखवायचं ते ठरवेन. नेमणुकीचं पत्र हातात पडल्यावरच राजीनामा दिला. दादाच्या दुकानाचं जे झालं तसं यात काही नाही. पगार दरमहा खात्यात येईल, पीएफ चालू राहील, कुणाकडून एक रुपयाही घेतलेला नाही.

बाबा, तुम्ही फोनवर एवढंच विचारलंत, "दुसऱ्याचा खेळ बघत लोक बसतात तरी कशाला?" आणि फोन आईकडे दिलात. माझं सगळं काम या प्रश्नावर उभं आहे, म्हणून नीट बसून लिहिते आहे.

बाबा, तुम्हीही बघता. जुलै २०२५ मध्ये बाटुमीला दिव्या देशमुख आणि कोनेरू हंपी यांची बुद्धिबळाच्या महिला विश्वचषकाची अंतिम लढत चालली होती, तेव्हा तुम्ही औषधाची वेळ चुकवून यूट्यूबसमोर बसला होतात. दोन्ही क्लासिकल, म्हणजे लांब वेळेचे डाव बरोबरीत सुटले आणि निकाल रॅपिडमध्ये, म्हणजे कमी वेळेच्या डावांत लागला. पटाच्या कडेला जी उभी काळी-पांढरी पट्टी असते, तिच्यावर संगणक क्षणोक्षणी कुणाची बाजू सरस आहे ते दाखवतो. पटाशी बसलेल्या दोघींना ती दिसत नाही. एखादं मोहरं चुकीच्या घरात गेलं की पट्टी घसरते, आणि समोरचीला ते उमगलंय का, हे बघत आपण श्वास रोखून बसतो. खेळणाऱ्याला ठाऊक नसलेलं आपल्याला ठाऊक असतं आणि सांगायची सोय नसते. व्हिडिओ गेम बघण्यातली निम्मी गोडी हीच आहे.

आपला चिनू मोबाइलवर खेळतो त्या बीजीएमआय या लढाईच्या गेमच्या स्पर्धेत प्रत्येकी चौघांचे १६ संघ, म्हणजे ६४ खेळाडू एकाच नकाशावर उतरतात. एरांगेल नावाचा नकाशा ८ किलोमीटर बाय ८ किलोमीटरचा आहे. सुरक्षित वर्तुळ टप्प्याटप्प्यानं आकसत जातं, त्यामुळे सगळ्यांना आत सरकावंच लागतं, आणि अर्ध्या तासात खेळ आटोपतो. पहिल्या संघाला १० गुण, दुसऱ्याला ६, शिवाय बाद केलेल्या प्रत्येक खेळाडूमागे १. म्हणून कुणी लपून वरचा क्रमांक गाठू बघतो, तर कुणी भिडून गुण गोळा करतो. खेळाडूला फक्त समोरचं दिसतं आणि कानात पावलांचा आवाज येतो. प्रेक्षकाला भिंतीपलीकडे दबा धरलेल्याची आकृतीही दिसते. जिना चढणारा आणि वर वाट बघणारा, दोघेही एकाच चौकटीत.

ती चौकट निवडणं हेच माझं काम. दोन संघ शंभरेक मीटरवर आले आहेत, मधून वर्तुळाची कड जाते आहे, एकाला हलल्यावाचून गत्यंतर नाही, अशा वेळी पहिली गोळी सुटायच्या आत कॅमेरा तिथे हवा. आवाज ऐकून वळवला तर प्रेक्षकाला नुसता पडलेला माणूस दिसतो, त्याच्या आधीची धाकधूक हुकते. इथे दोन चुका नेहमी होतात. नावाजलेल्या खेळाडूला चिकटून राहायचं आणि खरी झुंज नकाशाच्या दुसऱ्या टोकाला होऊन जायची, ही एक. दुसरी म्हणजे सेकंदासेकंदाला कॅमेरा बदलायचा, मग कोण कुठे आहे हेच बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून झुंजीआधी क्षणभर वरून नकाशा दाखवतात, मग जमिनीवर उतरतात. एक जण तर फक्त नकाशावर डोळा ठेवून कोण कुठे सरकतंय ते बाकीच्यांना सांगत असतो. समालोचकही आम्ही दाखवतो त्याच चित्रावर बोलतात. आणि हे सगळं मुद्दाम काही मिनिटं उशिरानं प्रक्षेपित होतं, नाहीतर खेळाडूंना बाहेरून खबर मिळेल. बाबा, हे ऑफिसातल्या कामाइतकंच जबाबदारीचं आहे, यावर विश्वास ठेवा.

उरलेली गोडी सोबतीची. स्ट्रीमर, म्हणजे घरी बसून एकटा खेळणारा आणि तो खेळ इंटरनेटवर थेट दाखवणारा, खेळता खेळता बोलत असतो आणि बघणारे बाजूला चॅटमध्ये लिहीत असतात. त्याचं चित्र आपल्यापर्यंत पोहोचायला काही सेकंद लागतात. तीन ते पाच सेकंदांचा उशीर असेल तर विचारलेल्याला उत्तर मिळतं आणि गप्पा होतात. तोच वीस-तीस सेकंदांवर गेला, की उत्तर येईपर्यंत खेळ पुढे निघून गेलेला असतो आणि गप्पा मरतात. पन्नास जण बघत असतील तर तो नाव घेऊन बोलतो. हजारो असले की चॅट वाचता येत नाही इतकं भरभर सरकतं, मग स्लो मोड लावून माणशी ठरावीक सेकंदांनी एकच ओळ लिहू देतात आणि शिवीगाळ पुसायला मॉडरेटर बसवतात. वसतिगृहातली मुलं, रात्रपाळीवरून परतलेली माणसं, परगावी एकटी राहणारी, यांना ठरल्या वेळी ओळखीचा आवाज ऐकू येतो. त्या वेळी गेम कोणता चालू आहे याला फारसं महत्त्व नसतं. मला हे मोलाचं वाटतं.

आवाज म्हणूनच चित्राहून महत्त्वाचा. असं थेट दाखवायला ओबीएस स्टुडिओ हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं. १०८० पी इतकं स्पष्ट चित्र, सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, आणि ६००० केबीपीएसच्या आसपास बिटरेट, म्हणजे माहिती पाठवायचा वेग, एवढं पुरतं. इंटरनेटचा अपलोडचा वेग मात्र त्याच्या दीडपट तरी हवा. तो डगमगला की फ्रेम गळतात आणि चित्र अडखळतं. लोक ते सोसतात. माइकमध्ये पंख्याची घरघर आली तर उठून जातात. डायनॅमिक माइक तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवला की ती बरीच कमी होते.

काही जण शिकायला बघतात, बॉम्ब कुठून फेकला, कधी थांबला, हे निरखून स्वतः करून पाहतात. काहींना महागडा कॉम्प्युटर परवडत नाही, काहींना भुताचा गेम एकट्यानं खेळवत नाही. आणि काहींना नुसतं कसब बघायचं असतं. सुपर मारिओ ब्रदर्स हा १९८५ चा गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत कमीत कमी वेळात संपवायची शर्यत आजही चालू आहे. २०२१ मध्ये निफ्टस्की या टोपणनावाच्या खेळाडूनं पहिल्यांदा ४ मिनिटं ५५ सेकंदांच्या आत तो संपवला. गंमत अशी, की बहुतेक पातळ्या संपल्यावर पुढची सुरू करायची का, हे तो गेम दर २१ फ्रेमांनीच तपासतो, म्हणजे साधारण ०.३५ सेकंदांनी. प्लॅटफॉर्मवर एक मिनिट आधी पोहोचलात तरी ८.१२ ची लोकल ८.१२ लाच सुटणार, तसं हे. थोडा वेळ वाचवून काही पदरात पडत नाही, आधीची गाडी गाठण्याइतका तो वाचावा लागतो. हे एकदा कळलं की ती पाच मिनिटं डोळे हटत नाहीत. अशा शर्यती दाखवून गेम्स डन क्विक हा उपक्रम २०१० पासून धर्मादाय कामांसाठी देणग्या गोळा करतो, डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स या संस्थेलाही त्यातून मदत जाते.

आई, तुला जुगाराची भीती वाटते, ती रास्त आहे. माईआत्याच्या घरी काय झालं ते मी विसरलेले नाही. पण पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा आणि ई-स्पोर्ट्सला, म्हणजे व्हिडिओ गेमच्या स्पर्धांना, वेगळी मान्यता देणारा कायदा संसदेनं ऑगस्ट २०२५ मध्ये केला. आमचं काम त्यातल्या दुसऱ्या बाजूचं. दुसरी भीती बाबांची असणार, गेमच बंद पडला तर? बीजीएमआय जुलै २०२२ मध्ये भारतात काढून टाकला गेला होता आणि मे २०२३ मध्ये परतला, हे मी लक्षात घेतलं आहे. स्टुडिओत बुद्धिबळाचं आणि दुसऱ्या गेमचंही प्रक्षेपण होतं, आणि कॅमेऱ्याची नजर कुठेही कामी येते. शिवाय सहा महिन्यांचा खर्च बाजूला काढून ठेवला आहे.

तुमच्या विम्याचीही व्यवस्था झाली आहे. ऑफिसच्या ग्रुप पॉलिसीतून तुम्हा दोघांना त्याच कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत घेतलं, म्हणजे बीपी आणि शुगरसाठी आजवर काढलेला प्रतीक्षाकाळ वाया जात नाही. कार्ड बाबांच्या व्हॉट्सअॅपवर पाठवलं आहे, प्रिंट काढून टीव्हीखालच्या खणात ठेवा. जेवणाची चिंता नको, डबा लावला आहे, संध्याकाळी पोळी-भाजी आणि वरण-भात असतो. सामने बहुतेक रात्री संपतात, पण घरी सोडायला गाडी आहे. आई, शाळेला उशीर होत असला तरी तू वरणभाताचा शेवटचा घास घेऊन जिन्यापर्यंत यायचीस. आता मी वेळेवर जेवेन, तू त्यासाठी जागी राहू नकोस.

आता माझं ऐका. बाबा, डोळ्यांत दोन थेंब लागोपाठ घालायचे नाहीत, मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन टाकतो. तलावपाळीला फिरायला जा, पण पावसात फरशी निसरडी होते, तेव्हा सोसायटीच्या आवारातच चाला. आई, गुडघ्याचे व्यायाम खुर्चीवर बसून, रोज. फिजिओ सोडायचा नाही, पैसे मी भरले आहेत. चिनूला स्ट्रीम बघू दे, रात्री साडेनऊला बंद. सुपर चॅट म्हणून स्ट्रीमरला पैसे पाठवायचं बटण चॅटमध्येच असतं, म्हणून बाबांचा यूपीआय पिन त्याला सांगू नका आणि फोनमध्ये कार्डही साठवून ठेवू नका. ओरडू नका, त्याच्याबरोबर बसून बघा.

शनिवारी सकाळच्या ट्रान्सहार्बरनं येते. टीव्हीवर यूट्यूब लावून देईन. चित्र अडकलं तर क्वालिटी ऑटोवर ठेवायची आणि राउटर फ्रीजमागून काढून दिवाणखान्यात आणायचा, तो मीच आणेन, बाबांनी स्टुलावर चढायचं नाही.

तुमची,
मनू