आधी पेट्रोल बघा, मग सायलेन्सर

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत आलिशान सेडान गाड्यांच्या ट्यूनिंगवरचा लेख वाचला. विषय घेतलात हे बरे झाले. बीएमडब्ल्यूची ३३०आय किंवा एम३४०आय घेतली की पहिल्या वर्षातच 'स्टेज वन' (फक्त सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणे), 'डाउनपाइप' (टर्बोनंतरचा पहिला धूरपाइप) हे शब्द मालकाच्या कानावर पडू लागतात. पण लेखातला क्रम उलटा आहे. आधी एक्झॉस्ट, मग डाउनपाइप आणि शेवटी रिमॅप, म्हणजे इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलणे, असा सल्ला त्यात आहे. या क्रमाने गेल्यास पैसे जातात, शेजाऱ्यांची झोप जाते आणि गाडी आहे तिथेच राहते.

एम३४०आयचे उदाहरण घेऊ. तिचे बी५८ इंजिन ३ लिटरचे, सहा सिलिंडरचे, टर्बोचे. कंपनीचा आकडा ३७४ हॉर्सपॉवर आणि ५०० न्यूटन-मीटर. या इंजिनात किती टॉर्क द्यायचा हे ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, ठरवतो आणि त्या हिशेबाने टर्बोचा वेस्टगेट (जास्तीचा धूर टर्बोला वळसा घालून सोडणारी झडप) उघडतो, मिटतो. मागचा सायलेन्सर मोकळा केला म्हणून ईसीयू जास्त टॉर्क मागत नाही. आवाज बदलतो, आकडा जवळपास तोच राहतो. ताकद वाढवायची तर सुरुवात सॉफ्टवेअरपासून, आणि सॉफ्टवेअरची सुरुवात पेट्रोलपासून.

सगळ्यात जास्त गफलत इथेच होते. बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच रेडीमेड ट्यून फाइल (ईसीयूत टाकायचे तयार सॉफ्टवेअर) अमेरिकेच्या पेट्रोलवर बेतलेल्या असतात आणि त्यांच्यावर '९१' किंवा '९३' लिहिलेले असते. अमेरिकेतला पंपावरचा ऑक्टेन आकडा (पेट्रोल अवेळी पेटण्याला किती विरोध करते याचे माप) आपल्यासारखा 'रॉन', म्हणजे एकाच चाचणी पद्धतीचा, नसतो, तर दोन पद्धतींची सरासरी असतो. त्यांचे ९१ म्हणजे आपले साधारण ९५ ते ९६ रॉन, आणि त्यांचे ९३ म्हणजे ९८ रॉनच्या आसपास. उलट आपले ९१ रॉन म्हणजे त्यांच्याकडचे ८७, सर्वांत साधे पेट्रोल. 'आपल्याकडे ९१ मिळतेच की' म्हणून ९१ची फाइल टाकून ९१ रॉनचे पेट्रोल भरले, तर भर उन्हात घाटात फुल थ्रॉटल दिल्यावर इंजिन नॉक करणारच, म्हणजे मिश्रणाचा काही भाग आपोआप अवेळी पेटून ठोके बसणारच. नॉक सेन्सरने सांगताच ईसीयू ठिणगीचे टायमिंग मागे खेचतो, म्हणजे ज्यासाठी पैसे मोजले ती ताकद तर जातेच, शिवाय सतत नॉक होत राहिल्यास पिस्टनच्या कडा खराब होतात. तेव्हा आधी ठरवा की रोज कोणते पेट्रोल भरणार. ९५ रॉन भरणार असाल तर फाइलही ९५ रॉनचीच मागा. १०० रॉनचे पेट्रोल पुण्या-मुंबईतल्या काही पंपांवर मिळते, पण सातारा-कोल्हापूरच्या वाटेवर हमखास मिळेल असे धरून ट्यून करू नका.

इथेनॉलचाही विचार करायला हवा. ई२० चा, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा, ऑक्टेन चांगला असतो, मात्र पूर्ण ज्वलनासाठी इंधन जास्त लागते. निव्वळ पेट्रोलचे हवा-इंधन प्रमाण १४.७ ला १ असते, ई२० चे साडेतेराच्या आसपास. म्हणजे पंपाला आणि इंजेक्टरला सुमारे ८ टक्के जास्त काम. ट्यून केलेल्या इंजिनात वरच्या आरपीएमला रेलचा (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीचा) दाब घसरण्याचे हे एक कारण.

म्हणून पैसे देण्याआधी ट्यूनरकडे लॉग, म्हणजे गाडी पळताना सेन्सरांनी नोंदवलेले आकडे, मागा. एकच गिअर, २००० पासून ६५०० आरपीएमपर्यंत, आणि हे डायनोवर (चाके रोलरवर फिरवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर), रस्त्यावर नाही. बूटमॉड३ किंवा एमएचडीसारख्या अ‍ॅपमध्ये हे लॉग निघतात. त्यात प्रत्येक सिलिंडरचे टायमिंग करेक्शन (ठिणगी किती अंश मागे खेचली) बघा. एखाद्या सिलिंडरवर उणे १-२ अंश अधूनमधून दिसले तर चालते. दोन-तीन सिलिंडरवर पुन्हा पुन्हा उणे ३ किंवा त्याहून जास्त दिसत असेल, तर ती फाइल घेऊ नका. ईसीयूने मागितलेला बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) आणि मिळालेला बूस्ट, रेलचा दाब आणि आत जाणाऱ्या हवेचे तापमानही तपासा. बी५८ चा इंटरकूलर (टर्बोतून येणारी गरम हवा थंड करणारा) पाण्यावर चालतो आणि इनटेक मॅनिफोल्डमध्येच असतो. एका रनमध्ये छान दिसणारा आकडा मे महिन्यात लागोपाठच्या तिसऱ्या रनला किती पडतो, हे पाहिल्याशिवाय ट्यून चांगला म्हणता येत नाही.

आणखी एक. २०२० च्या मध्यानंतर बनलेल्या बहुतेक बी५८ गाड्यांचा ईसीयू कुलूपबंद असतो. तो गाडीतून काढून टेबलावर उघडावा लागतो. 'ओबीडीला (गाडीच्या तपासणी सॉकेटला) वायर लावून दहा मिनिटांत करून देतो' असे कोणी म्हणाले, तर नेमके काय करणार हे स्पष्ट विचारा. बऱ्याचदा ती पिगीबॅक डबी असते, म्हणजे बूस्ट सेन्सरचे खोटे वाचन ईसीयूला देणारी.

ट्यूनबरोबर स्पार्क प्लग नवे घ्या आणि गॅप ०.५५ ते ०.६ मिलिमीटरवर आणा. बूस्ट वाढला की मोठ्या गॅपमध्ये ठिणगी विझते आणि पूर्ण लोडवर मिसफायर येतो. लोक मग कॉइल बदलत बसतात. गिअरबॉक्सचा ट्यूनही विचारात घ्या, कारण इंजिनाचा टॉर्क वाढवून क्लचचा दाब तोच ठेवला तर गिअरबॉक्स घसरतो.

आता एक्झॉस्ट. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू कमी करणारा 'कॅट') काढू नका, एवढेच माझे ठाम म्हणणे आहे. कॅट काढला की मागचा ऑक्सिजन सेन्सर पी०४२० कोड देतो, म्हणजे कॅट नीट काम करत नसल्याची सूचना, मग 'कोड बंद करून देतो' म्हणणारे भेटतात. पण कोड झाकल्याने धूर कमी होत नाही. पीयूसीच्या वेळी आयडलला (गाडी उभी, इंजिन नुसते चालू) कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत आणि हाय आयडलला, म्हणजे आरपीएम वाढवून, लॅम्डा (हवा-इंधन प्रमाणाचे माप) ०.९७ ते १.०३ मध्ये यावा लागतो, कॅटशिवाय ते जमवणे अवघड. कायद्याची बाजूही समजून घ्या. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच सांगितले. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि आवाज-धुराच्या निकषांसाठी कलम १९० वेगळे आहे. सॉफ्टवेअरचा बदल डोळ्यांना दिसत नाही, म्हणून तो वॉरंटी आणि विम्याच्या नजरेतून सुटेल असेही समजू नका. विमा कंपनीला लेखी कळवा.

आवाजच थोडा भरदार हवा असेल, तर कंपनीचा झडपवाला सायलेन्सर राहू द्या आणि झडप बंद असताना गाडी मुळात होती तितकीच शांत राहते याची खात्री करून घ्या. रेझोनेटर (पाइपमधला घुमारा शमवणारा डबा) काढून टाकणाऱ्यांना महामार्गावर ड्रोनचा, म्हणजे केबिनमध्ये सतत घुमणाऱ्या आवाजाचा, त्रास होतो. सहा सिलिंडरच्या इंजिनात २००० आरपीएमला सेकंदाला १०० स्फोट होतात, आणि केबिन अनेकदा त्याच १०० हर्ट्झच्या आसपास घुमते. उपाय म्हणजे मुख्य पाइपला जोडलेली, एका टोकाला बंद असलेली नळी. तिची लांबी ध्वनीच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश हवी. गरम धुरात ध्वनीचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला, तर नळी साधारण १ मीटरची येते. चार सिलिंडरच्या ३३०आयला त्याच आरपीएमवर दीड मीटर लागते, तेवढी जागा खाली मिळणे कठीण. म्हणून ३३०आयचा रेझोनेटर मुळीच काढू नये.

पाइप बनवून घेणार असाल तर ३०४ ग्रेडचे स्टेनलेस, दीड मिलिमीटर जाडी, आर्गन वेल्डिंग, आणि वेल्ड करताना पाइपच्या आतही आर्गन सोडलेला हवा. तसे केले नाही तर आतून वेल्डला काळी, खडबडीत खपली धरते आणि पुढे तिथेच तडा जातो. फ्लेक्स जॉइंट (पाइपमधला लवचिक जोड) गाळून पैसे वाचवण्याचा मोह टाळा. इंजिन हलते, पाइप हलत नाही, आणि मग हँगर (पाइप टांगून धरणारे आधार) तुटतात. पुढच्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधी एखाद्या गॅस्केटमधून बाहेरची हवा आत शिरत असेल, तर ईसीयूला मिश्रण पातळ वाटते आणि तो उगाच पेट्रोल वाढवतो. फिटिंगनंतर फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोलमध्ये करत असलेली वाढ-घट) अधिक १० टक्क्यांच्या वर राहिला, तर आधी जोड तपासा, ट्यूनरला नंतर फोन करा.

मूळ ईसीयू फाइलची प्रत आणि काढलेला प्रत्येक भाग, बोल्टसकट, जपून ठेवा. सर्व्हिस सेंटरमध्ये सॉफ्टवेअर अपडेट झाला की ट्यून पुसला जातो. गाडी विकताना नव्या मालकाला सगळे बदल लिहून द्या.

आपला,
एक वाचक, चिंचवड